दादाचा ओला कुंचला

माझा दादा दुसऱ्यांच्या घरातला समुद्र सांभाळतो. हे वाक्य त्याचंच, आणि नव्या गिऱ्हाइकाला ते पहिल्या पाच मिनिटांत ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. समुद्र कसला, काचेची टाकी! पण तिच्यात खारं पाणी असतं, जिवंत कोरलं असतात, आणि मालकांना त्यातलं ओ की ठो कळत नसतं. म्हणून दादा आठवड्यातून एकदा जातो, काच खरवडतो, पाणी बदलतो, मीठ तपासतो आणि निघताना घरच्यांना चार शब्द सुनावतो. अशी चौदा घरं आहेत. मी त्याची धाकटी बहीण. बादल्या मी उचलते, हत्यारं मी धुते, फोन मी घेते, आणि तो ज्यांना बोलतो त्यांची समजूतही मीच घालते. केस पिकले तरी तो मला छोटीच म्हणतो.

आधी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दुकान बंद पडलं, पण तिथलं एक भिंग त्याच्या गळ्यात राहिलं. ते तो फक्त आंघोळीला जाताना काढतो. एखादा किडा चिमट्यात धरून तो भिंगातून इतका वेळ बघत बसतो, की वहिनी एकदा म्हणाली, "माझ्याकडे उभ्या जन्मात असं बघितलं नाही यांनी." दादा मान वर न करता म्हणाला, "हा निदान अंडी तरी घालतो." त्यांना मूल नाही. वहिनी उठून आत गेली, आणि दादाला आपण काही वावगं बोललो असं वाटलंसुद्धा नाही. असा आमचा दादा. जीभ तिखट आणि हात मऊ.

हात मात्र खरोखर मऊ. कोरल दगडासारखं दिसतं, पण तो दगड म्हणजे नुसता सांगाडा. त्याच्यावर ओल्या कातडीसारखा पातळ जीव पसरलेला असतो, आणि त्या कातडीला हजारो बारीक तोंडं असतात. नख लागलं तरी जखम होते. म्हणून दादा कोरल साफ करायला एक कुंचला वापरायचा. चित्रकाराचा, मऊ केसांचा, लाकडी दांड्याचा. कुंचला वाळला की केस ताठ होतात आणि ओरखडे काढतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो कुंचला कधी, कधी म्हणजे कधीच, कोरडा पडू द्यायचा नाही. काम झालं की नळाखाली एकदा खळबळून लगेच खाऱ्या पाण्याच्या बरणीत उभा. बाकीचे लोक टूथब्रशनं घासतात म्हणून दादा त्यांना खाटीक म्हणायचा. सात वर्षं तोच कुंचला होता. त्याची बरणी मी भरायची, आणि पाणी अर्ध्या बोटानं कमी असलं तरी बोलणी खायची.

चौदा घरांत एक घर बाईंचं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. दोन खोल्या, तिसरा मजला, एकट्या. टाकीही बाकीच्यांच्या मानानं लहानशी. पण तिच्यात एक कोरल होतं, ताटलीसारखं आडवं वाढणारं, शेंदरी रंगाचं. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी ते नखाएवढं आणलं होतं. ते मोठं होऊन जेवणाच्या ताटाएवढं झालं. दर महिन्याच्या एक तारखेला बाई शाळेची लाकडी फूटपट्टी काचेला लावून ते मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. दादा चिडवायचा, "बाई, वाढदिवसाला उंची मोजतात तसं करताय." बाई म्हणायच्या, "मुलं मोठी झाली की मोजू देत नाहीत. हे देतं."

पुढे एकदा बाईंनी हौसेनं त्याचे पाच तुकडे दादाला कापून दिले. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. चांगलं कोरल असेल तर त्याचा तुकडा ओळखीच्या घरी द्यायचा, म्हणजे आपल्याकडे काही बरंवाईट झालं तर वाण टिकतं. दादानं ते पाच गिऱ्हाइकांकडे लावले, त्यात एक वकिलांचं घर. बाई फोन करून मला विचारायच्या, "माझ्या लेकी नांदताहेत ना गं नीट?" मी म्हणायचे, "सासर मानवलंय, बाई."

एका महिन्यात बाईंचं माप कमी आलं. पाव इंचानं. दादा म्हणाला, पट्टी तिरकी धरली असेल. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी पट्टी सरळ धरायला शिकवलंय." मग दादानं कोरल बाहेर काढून उलटं केलं. खालच्या कडेची शेंदरी कातडी खरवडल्यासारखी गेली होती आणि पांढरं हाड उघडं पडलं होतं. त्या पांढऱ्यावर पांढरेच किडे. तांदळाच्या कणीएवढे, पाठीवर झालर असलेले. बिनशंखाच्या गोगलगायीच त्या. दुसरं काही खात नाहीत, हेच कोरल खातात, आणि जे खातात त्याच्याच पाठीमागे अंडी घालतात. दादानं एक उचलून बाईंसमोर नखावर चिरडला. "हे बघा तुमचे पाहुणे."

आठवड्याभरात दादानं बाकीची घरं तपासली. ज्या पाच घरी बाईंच्या लेकी दिल्या होत्या, त्या पाचही ठिकाणी कीड. तुकडे लहान होते, ते आधीच हाडं होऊन बसले होते. शेजारची त्याच जातीची मोठी कोरलंही लागली होती; उरलेल्या आठ घरांत ही जातच नव्हती. कोणी बघितलंच नव्हतं. बाईंनी पट्टी लावली म्हणून त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी स्वतः सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण पुढच्या गुरुवारी दादा त्यांच्या घरी गेला तो पोलिसासारखा.

"बाई, खरं सांगा. नवीन काय आणलंत?"

"काही नाही."

"आठवा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन गोगलगायी आणल्या होत्या. काचेवरचं शेवाळ खातात त्या. स्टेशनजवळच्या दुकानातून. सहा महिने झाले असतील."

"झालं! सापडला चोर!" दादानं मांडीवर थाप मारली. "वेगळ्या टबात चाळीस दिवस ठेवल्या होत्या का?"

"गोगलगायीच तर होत्या. त्या कोरल खात नाहीत, तुम्हीच—"

"त्यांच्या शंखावर बसून काय आलं ते कोणी बघितलं? गोगलगायी आधी आल्या, तुकडे नंतर गेले. तुम्ही गणिताच्या ना? मग जुळवा. तुमच्या दोन गोगलगायींनी पाच घरं बुडवली माझी."

शेजारीण दारात उभी राहून ऐकत होती. बाई एवढ्याएवढ्या झाल्या. ज्या बाईंनी चाळीस वर्षं पोरांना उभं केलं, त्यांना माझ्या भावानं त्यांच्याच खोलीत उभं केलं. मी बादली उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून दिला, म्हणजे ऐकू येऊ नये. मला दादाचा राग आला होता. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही वाटलं होतं, बरोबरच बोलतोय तो.

मग उपचार सुरू झाले. कोरल बाहेर काढायचं, आयोडीनच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायचं, की किडे सुटून तळाशी पडतात आणि मरतात. पण अंडी मरत नाहीत. त्यांना औषध लागत नाही, ती हातानंच काढावी लागतात. तिथं दादाचा कुंचला. उलटं कोरल मांडीवरच्या ओल्या फडक्यात धरून, भिंग डोळ्याला लावून, तो एकेक पुंजका इतक्या हळुवारपणे झाडायचा, की बाई कौतुकानं बघत राहायच्या. एवढं ऐकून घेऊनही. "तुमचा हात फार चांगला आहे हो," त्या म्हणायच्या. दादा म्हणायचा, "हात चांगला आहे म्हणून तुमच्या चुका निस्तरतोय."

अंडी सहासात दिवसांत फुटतात, म्हणून दर गुरुवारी हे पुन्हा करायचं. दोनतीन वेळा केलं की कीड संपते, असा नियम. बाईंकडे पाच आठवडे झाले तरी संपेना. ताट वितीएवढं झालं. एकदा बाईंनी वही उघडून दाखवली. "हे बघा. तुम्ही गुरुवारी येऊन जाता, शनिवारपर्यंत मला एकही दिसत नाही. सोमवारपासून नवीन बारीक बारीक दिसतात. दर वेळी. असं का?"

दादाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी नीट काढत नाही?"

"तसं नाही म्हटलं. मी फक्त क्रम सांगितला."

"क्रम मी सांगतो. तुमच्या टाकीच्या दगडात कीड मुरलीय. हे कोरल आहे तोवर ती जगणार, आणि तुमच्या घरून परत माझ्या बाकीच्या घरी जाणार. तिकडे लोक मला शिव्या घालतात. तुमच्यामुळे."

त्या सोमवारी हत्यारं धुताना कुंचल्याच्या बरणीला तडा गेलेला मला दिसला. पाणी गळत होतं. कुंचला कोरडा पडला तर माझी धडगत नव्हती, म्हणून हाताला आला तो पांढरा चहाचा कप घेतला, त्यात खारं पाणी ओतलं आणि कुंचला उभा केला. कप खिडकीत ठेवला, नवी बरणी शोधून आणली, आणि परत येऊन बघते तो कपाच्या आतून काहीतरी सरकत होतं. पांढऱ्यावर पांढरं. उजेड तिरका नसता तर दिसलंच नसतं.

दादा आंघोळीला गेला होता. त्याचं भिंग खुंटीला होतं. मी ते घेतलं आणि कुंचल्याचे केस बोटांनी बाजूला केले. मुळाशी, जिथं केस पत्र्याच्या टोपीत शिरतात, तिथं पिवळट ठिपक्यांचे पुंजके चिकटले होते. दर गुरुवारी बाईंच्या कोरलवरून झाडलेली अंडी. काही फुटलेली, काही फुटायच्या बेतात. नळाच्या पाण्यानं त्यांना काही होत नव्हतं, आणि त्यानंतर आम्ही त्यांना समुद्राचं पाणी पाजत होतो. मी पाजत होते. बरणी अर्ध्या बोटानंही कमी पडू न देता.

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मी कप आणि भिंग पुढे केलं. त्यानं बघितलं. बराच वेळ. मग खुर्चीवर बसला.

"वकिलांचा तो जांभळा तुकडा," तो म्हणाला.

"कुठला?"

"मागच्या थंडीत आणलेला. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. चार दिवसच टबात ठेवला आणि लावून टाकला. मीच लावला. याच कुंचल्यानं साफ करून."

म्हणजे बाईंच्या गोगलगायी येण्याच्याही आधी. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि आम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतो. मी फोन उचलला.

"कुणाला करतेस?"

"बाईंना."

"ठेव तो." आवाज चढवला नाही त्यानं, म्हणून मी ठेवला. "चौदा घरं आहेत, छोटी. माझ्या हातानं कीड नेली म्हणून कळलं, तर उद्या एकही दार उघडणार नाही. मग काय करू, पुन्हा काचा घासू? या वयात?"

"निदान बाईंना तरी सांग. त्या कोणाला बोलणार नाहीत. दादा, तू त्यांना काय काय बोललायस!"

"सांगतो. फोनवर नको. गुरुवारी जाणारच आहोत, समोरासमोर सांगतो."

त्यानं कुंचल्याचे दोन तुकडे केले आणि उकळत्या पाण्यात टाकले. बाकीची हत्यारंही उकळली, मग उन्हात वाळवली. मी मनात म्हटलं, चला, निदान या गुरुवारी बाईंचं कोरल वाचेल. वितीएवढं असलं तरी जिवंत आहे. नवीन अंडी जाणार नाहीत, दोन आठवड्यांत साफ होईल, पुढच्या वर्षी बाई पट्टी लावून परत ताट मोजतील. तीन दिवसांचाच तर प्रश्न होता. मंगळवारी मी फोनजवळून चार वेळा गेले. बुधवारी गेलेच नाही.

गुरुवारी बाईंनी दार उघडलं ते हसून. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले. टाकीत उजव्या बाजूचा दगड मोकळा होता.

"या," त्या म्हणाल्या. "आज तुम्हाला काम कमी आहे."

कोरल मोरीत बादलीत होतं. पांढरं फटक. बाईंनी काल सकाळी ते स्वतः उचलून बाहेर काढलं होतं आणि वरून उकळतं पाणी ओतलं होतं. दोन पातेली. एकानं पुरलं की नाही याची खात्री नव्हती म्हणून दुसरं.

"तुम्ही म्हणालात ना, हे आहे तोवर बाकीच्यांना त्रास. खूप विचार केला. एकाच्या हौसेपायी पाच घरांनी का सोसायचं? वर्गात एखाद्याला गोवर आला की आपण घरी ठेवतोच ना. इथं घरीच ठेवायला जागा नव्हती." त्यांनी वही उघडून दाखवली. कालच्या तारखेला लिहिलं होतं, साडेआठ इंच. खाली रेघ मारलेली, पट्टीनं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "एक विचारू का गं? पाणी ओततानाही त्यांची तोंडं उघडी होती, मग एकदम मिटली. त्यांना कळतं का?"

मी दादाकडे बघितलं. आता बोल. आता तरी बोल. त्याच्या ओठांची हालचाल झालेली मी बघितली.

"बरं केलंत, बाई," दादा म्हणाला. "योग्य केलंत."

बाईंचा चेहरा उजळला. शाबासकी मिळालेल्या मुलीसारखा, या वयात. त्या टेबलाकडे गेल्या आणि पाच पाकिटं घेऊन आल्या. "मला त्यांचे पत्ते माहीत नाहीत. तुम्ही जाताच आहात, तर एवढी पोचवाल का?" पाकिटं उघडीच होती. बाईंकडे लपवाछपवी नसायची. मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर:

"स. न. वि. वि. माझ्याकडून आपल्या घरी दिलेल्या कोरलबरोबर कीड आली व आपले नुकसान झाले. दुकानातून आणलेल्या दोन गोगलगायी मी न तपासता टाकीत सोडल्या, ही चूक सर्वस्वी माझी आहे. आपली टाकी सांभाळणारे गृहस्थ यात निर्दोष आहेत. त्यांना बोल लावू नये. ज्या कोरलपासून कीड पसरली ते मी आज नष्ट केले आहे. क्षमा असावी."

दादानं पाकिटं घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.  मी बाईंकडे प्यायला पाणी मागितलं. बोलण्याऐवजी पाणी मागितलं, हे मी कोणापासून लपवत नाही.

जिन्यात मी म्हटलं, "दादा, ही पत्रं फाडून टाक. एवढं तरी कर."

"वेडी आहेस का? बाई कधी फोन करून विचारतील, पोचली का म्हणून." दोन पायऱ्या उतरून तो म्हणाला, "आणि आता सांगून ते कोरल परत येणार आहे का? उलट त्यांना जास्तच लागेल. उगाच मारलं असं वाटेल."

 तो रडवेला झाला होता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पण खिशावरचा हात त्यानं काढला नाही, हेही सांगायला हवं.

पहिलं पत्र वकिलांकडे दिलं, कारण त्यांचं घर वाटेवर होतं. त्यांची टाकी माणूस झोपेल एवढी लांब. त्या जांभळ्या तुकड्याचा आता पंखा झाला होता आणि पाण्याच्या धारेत चमकत होता. कीड त्याला लागतच नाही, तो नुसता आपल्या बुडाच्या दगडावरून तिला घेऊन आला होता. वकीलबाईंनी पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून टीव्हीवर ठेवलं.

"कमाल आहे हो या बाईंची! स्वतःला सांभाळता येत नाही तर असल्या हौशी करायच्याच कशाला? आणि वर दुसऱ्यांच्या घरी तुकडे वाटायचे! शिक्षिका म्हणे!"

दादा काच खरवडत होता. हात थांबला नाही.

"जाऊ द्या हो वहिनी," तो म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. चुका होतात."

"तुमचं मन मोठं आहे, म्हणून चाललंय," वकीलबाई म्हणाल्या, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. चहा चांगला होता, आल्याचा. मी तो सगळा प्यायले.